रक्षाविसर्जनातलं हसू

केरबा मगदूम यांनी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात उभी हयात तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्यातही त्यांचा लाडका विषय एकच: मन वेगळं आणि शरीर वेगळं. बाकीचा अभ्यासक्रम ते परीक्षेपुरता उरकून टाकत. हा विषय निघाला की मात्र घंटा झाली तरी खडू खाली ठेवत नसत. "तुमचा हात म्हणजे तुम्ही नव्हे, तुमचं पोट म्हणजे तुम्ही नव्हे," असं ते रंगात येऊन सांगू लागले की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी विचारायचं, "सर, मग आत्ता भूक कुणाला लागलीया?" वर्ग हसायचा आणि सरही त्यांच्याबरोबर हसायचे.

मागच्या वर्षी गणपतीच्या सुमाराला सरांना झटका आला. दवाखान्यातून काठी टेकत का होईना, पण घरी आले. जीभ जड झाली आणि उजव्या हाताला कंप राहिला, तरी डोकं लख्ख होतं. सकाळचा पेपर वाचून ते अग्रलेखातल्या चुका काढत आणि आमटीत मीठ कमी पडलं तर अडखळत अडखळत तेही सांगत. फक्त एक भलतंच मागं लागलं. वेळ-काळ न बघता त्यांना हसू यायचं. साधंसुधं नाही, खांदे गदगदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते आवरता आवरायचं नाही. आत मात्र गंमत कशाचीच वाटत नसायची. डॉक्टरांनी समजावलं की हसण्या-रडण्याला मेंदूत एक ब्रेक असतो, तुमचा तो ढिला झालाय, आता मनात दुःख असलं तरी तोंड हसेल. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण मन भरून आलं की हसू ठरलेलं.

दुसरा कुणी असता तर खचला असता. आमचे सर सुरुवातीला चक्क खूश झाले. आयुष्यभर जे फळ्यावर लिहिलं त्याचा पुरावा घरबसल्या मिळाला होता. पत्नीला, विमलाताईंना, ते म्हणाले, "बघ, हसतंय ते शरीर. मी कुठं हसतोय?"

विमलाताई हायस्कूलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडं असले हिशेब चालत नसत. "शेजारच्या काकू गेल्या तेव्हा त्यांच्या दारात तुमचं शरीर हसलं आणि मान माझी खाली गेली," त्या म्हणाल्या. "ती कुणाची मान म्हणायची?" तेव्हापासून सानेगुरुजी वसाहतीतल्या त्या घरानं लग्नं, बारशी आणि मयतं, सगळ्यांनाच रामराम ठोकला. कुणी बोलावलं तर विमलाताई सांगत, यांची तब्येत बरी नसते.

अशात मुरगूडहून फोन आला. सरांचे दाजी, त्यांच्या थोरल्या बहिणीचे म्हणजे आक्काचे मालक गुंडू मास्तर, दूध संस्थेच्या ओट्यावर बसल्या जागी गेले. फोन आक्काच्या मुलाचा, अमरसिंहचा होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो नोकरीला. "मामा, आबा गेले," एवढं तो म्हणाला आणि सरांना हसू फुटलं. विमलाताईंनी फोन हातातून काढून घेतला. पोराला ते रडणंच वाटलं असावं, कारण तो उलट मामांना धीर द्यायला लागला.

गुंडू मास्तर म्हणजे सरांचा जन्माचा वादी. मास्तर मुरगूडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि मन नावाची वस्तू त्यांना मान्यच नव्हती. "कवटी फोडली की मेंदू निघतोय. मन निघालेलं कुणी बघितलंय?" असं ते मिशीवर हात फिरवत विचारायचे. सर म्हणायचे, "दाजी, हा प्रश्न विचारतंय कोण? मेंदू का तुम्ही?" झालं, दोघं जुंपले म्हणून समजा. आक्का ताटं वाढून दोनदा हाक मारायची, रस्सा निवून त्यावर साय धरायची आणि यांचं मन काही सापडायचं नाही. अख्ख्या जिल्ह्यात सरांशी असं भांडणारा दुसरा माणूस नव्हता. म्हणून तर दाजींवर त्यांचा जीव होता.

"रक्षाविसर्जनाला तुम्ही यायचं न्हाई," विमलाताई म्हणाल्या. "मी जाऊन येते."

"आक्काला म... माहेर म्हणजे मीच एकटा," सर म्हणाले. सरांनी एक टॉवेल खांद्यावर टाकला. हसू आलंच तर त्यात तोंड खुपसायचं, लोकांना रडल्यासारखं वाटेल, असा बेत होता. तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जनाच्या सकाळी, अमरसिंहनं गाडी पाठवली.

आमच्याकडं रक्षाविसर्जन म्हणजे नुसती राख सावडणं नसतं. अख्खा गाव, पैपाहुणे, आजी-माजी सगळे पदाधिकारी नदीवर जमतात. नैवेद्य ठेवतात, आणि कावळा शिवेपर्यंत श्रद्धांजलीची भाषणं होतात. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही हा नेम असतो, आणि चांगलं किती बोलायचं याला मात्र माप नसतं. वेदगंगेच्या काठावर एका बाजूला टोप्या-फेटे बसले होते, दुसऱ्या बाजूला झाडाखाली बायका. बायकांच्या पुढं आक्का होती, पांढऱ्या कपाळाची, गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेली. सरांना पुढंच खुर्ची दिली होती. मृताचा मेहुणा, त्यातून प्राध्यापक, म्हणजे मान मोठा.

दोन भाषणं सरांनी टॉवेलाचं टोक मुठीत धरून काढली. तिसरे उठले दूध संस्थेचे चेअरमन उदयसिंह. त्यांचा आवाज माईक नसला तरी पैलतीराला जाईल असा. ते बोलत होते तेव्हा सरांचं लक्ष भाषणाकडं नव्हतंच. ते नैवेद्याच्या पत्रावळीकडं बघत होते. दाजींना आवडायची म्हणून त्यावर कांदाभजी ठेवली होती. आता आपण भांडायचं कुणाशी, असं त्यांना वाटलं आणि मन भरून आलं. मन भरून आलं तसं त्यांना कळलं की आता आपलं काही खरं नाही.

"गुंडू मास्तरांनी उभ्या जन्मात कुणावर हात उचलला न्हाई," उदयसिंह सांगत होते. "छडी म्हणून त्येंच्या वर्गात कधी दिसली न्हाई. असा देवमाणूस..."

सर हसले. टॉवेल तोंडाशी न्यायला थरथरता हात वर आलाच नाही. खांदे हलायला लागले, खुर्ची हलायला लागली, आणि ते खदाखदा हसू त्या शांत जमावावर पसरत गेलं. उदयसिंह थांबले. टोप्या वळल्या. मागून एकजण म्हणाला, "कोण रं त्ये? मेव्हणाच न्हवं?" दुसरा म्हणाला, "लाज हाय का न्हाई माणसाला? भैणीचं कुक्कू पुसलंय आणि हसालाय." भाऊबंदातली दोन-तीन दांडगी माणसं उठून उभी राहिली. सरांना सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं. आक्काची मान झटक्यात वर झालेली त्यांनी बघितली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून हसू आणखी वाढलं.

तेव्हा विमलाताई बायकांमधून धावत पुढं आल्या. एवढ्या लोकांना मेंदूतल्या ब्रेकची गोष्ट कुठं सांगत बसणार? लाजेच्या भरात जे पहिलं सुचलं ते त्या मोठ्यानं बोलून गेल्या. "माफ करा पावणं, माफ करा. झटका आल्यापासनं त्यांचं डोकं जाग्यावर न्हाई. त्यांना काय कळत न्हाई आता."

राग क्षणात उतरला. उठलेली माणसं बसली. "आरं आरं," म्हणत लोक चुकचुकले. "येवढा शिकलेला माणूस आणि काय ही दशा." सर हसता हसता मान हलवत राहिले, नाही, नाही, मला कळतंय, पण हसणाऱ्या वेड्यानं मान हलवली तर लोक काय समजणार? एका म्हाताऱ्यानं येऊन त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. सरांना त्या दयेपेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. तेवढ्यात नैवेद्याला कावळा शिवला आणि लोकांचं लक्ष तिकडं गेलं.

घरी आल्यावर अमरसिंहनं मामांना दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं आणि कॉटवर बसवलं. परत हसले तर बाहेर मांडवात ऐकू जाऊ नये, हे त्यामागचं कारण होतं. ते कुणी बोललं नाही एवढंच. जो तो दारातून डोकावायचा आणि विमलाताईंना विचारायचा, "जेवतात का? वळखतात का माणसं?" सरांना कुणीच काही विचारलं नाही. ज्या माणसाचं बोलणं ऐकायला आजूबाजूच्या कॉलेजातली पोरं यायची, तो आता खोलीतल्या पिंपासारखा एका कोपऱ्यात होता.

डोकावणारे पांगल्यावर विमलाताई म्हणाल्या, "दुसरं काय सुचलंच न्हाई हो मला. तुम्हाला मार बसला असता." पण हे त्या खिडकीकडं बघून म्हणाल्या. नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची त्यांना हिंमत होत नव्हती. नदीवर लाज वाटली होती ती नवऱ्याची, आता वाटत होती ती स्वतःची, आणि ही जास्त झोंबत होती. शेजारच्या घरी चहाचं बघते म्हणून त्या बाहेर गेल्या.

थोड्या वेळानं आक्का आली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, भावकीतल्या घरांतून जेवण येतं, त्यातलाच आमटी-भात तिनं एका ताटात कालवून आणला होता. बाहेर बायका जमलेल्या असताना ती त्यांना सोडून आत आली, कारण पाठच्या भावाच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. तिनं दार लोटलं आणि कॉटच्या कडेला बसली.

"आ कर," ती म्हणाली.

सरांना बोलायचं होतं. आक्का, विमलाचं ऐकू नकोस, मी शुद्धीत आहे. पण जीभ वळायच्या आत घास तोंडात आला, आणि आक्का बोलायला लागली. गोठ्यात धार काढताना बाई म्हशीशी बोलते तसं तिचं बोलणं होतं. समोरून उत्तर यावं अशी तिची अपेक्षा नव्हती.

"बरं हाय बाबा तुझं, कळतच न्हाई काय. मला असं एखादा दिस तरी व्हायला पायजे हुतं." तिनं दुसरा घास केला. "चेअरमन म्हणाला, मास्तरांनी कुणावर हात उचलला न्हाई. शाळेत न्हाईच उचलला. खोटं कशाला बोलू? तिथला राग सगळा घरी आणून माझ्यावर संपवायचे."

सर चावायचे थांबले.

"तुला सांगितलं हुतं की एकदा. नागपंचमीला आलते कोल्लापूरला. तुला नुकती नोकरी लागलेली. हे मनगाट एवढं सुजलेलं." तिनं ताटावरचा हात उचलून दाखवला. मनगटाचं हाड जरा वाकडं जुळलं होतं. इतकी वर्षं त्याच हातानं तिनं सरांना वाढलं होतं. "तू बघितलंस आणि म्हणालास, आक्का, मार अंगाला लागतोय. मनाला लावून घ्यायचा का न्हाई हे आपल्या हातात हाय. मी म्हटलं, शिकलेला भाऊ हाय, खरंच असंल. मग जलमभर त्येच करत बसले. हात उठला की म्हणायचं, ह्ये अंगाला लागालंय, मला न्हाई. मला काय जमायचं न्हाई ते. वाटायचं, माझंच कायतरी चुकतंय."

सरांना आठवलं. नागपंचमी आठवली, भाड्याची खोली आठवली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवायचा धडा आपण आदल्या रात्री बहिणीवर म्हणून बघितला होता, हेही आठवलं. बोलून झाल्यावर आपल्याला आपलंच वाक्य किती आवडलं होतं, ते आठवून त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"फुडं जत्रेला आलास तू," आक्का म्हणाली. "त्येंच्या मांडीला मांडी लावून मटण जेवलास आणि भांडत बसलास, मन हाय का न्हाई म्हणून. मी आतनं ऐकत हुते. त्येंच्या हिशेबात मला मनच न्हवतं. तुझ्या हिशेबात अंग माझं न्हवतं. मग दुखायचं कुणाला रं, केरबा?"

हसू पायापासून वर यायला लागलं. सरांनी टॉवेल दातांत धरला, डोळे मिटले, नको, आत्ता नको, ही एक वेळ नको, असं स्वतःच्या शरीराला विनवलं. ते ऐकेल तर शरीर कसलं? घासाचे कण आक्काच्या पदरावर उडाले. सर हसत होते आणि बहीण त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"हास, हास," ती म्हणाली. "तुला काय त्येचं." तिनं त्यांच्या हनुवटीवरची आमटी पुसली. मग म्हणाली, "नदीवर हसलास तवा मातर माझ्या जिवात जीव आलता. चेअरमन म्हणतोय कुणावर हात उचलला न्हाई, आणि माझा भाऊ हसला. म्हटलं, येवढ्या माणसांत एकाला तरी आठवलं. येवढ्या वर्सांत माझ्या बाजूनं कोणतरी बोललं. मग विमला म्हणाली, त्येला कळत न्हाई."

हसू ओसरत ओसरत थांबलं. सरांना गप्प बसता आलं असतं. वेड पांघरून बसायची सोय बायकोनं करूनच ठेवली होती, आणि आक्काचं मन हलकं झालं होतं, त्यात वाईट काय, असंही त्यांना स्वतःला समजावता आलं असतं. आयुष्यभर त्यांनी याहून अवघड गोष्टी लोकांना समजावल्या होत्या. पण आपण वेडे आहोत असं समजून तिनं जे सांगितलं ते फुकटात घेऊन कोल्हापूरला परतायचं त्यांच्या जिवावर आलं.

"आक्का," ते म्हणाले. "म... मला कळतंय."

आक्काचा हात ताटातच थांबला.

"समदं?"

"सगळं."

तिच्या तोंडावरचा रंग उतरला. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, परक्या माणसापुढं ओढतात तसा आणि मान खाली घातली. बाहेर मांडवात कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मग तिनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, राग नव्हता. तिथं आशा होती, आणि ती सरांना बघवेना.

"मग आठवून हसलास व्हय?" तिनं विचारलं. "नदीवर. माझं आठवून?"

नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. तेवढ्या एका शब्दानं तिला गावासमोर एक साक्षीदार मिळाला असता, आणि खोटं आहे हे कुणालाही कळलं नसतं. उलट खरं होतं ते हे, की सरांना काहीच आठवलं नव्हतं. चेअरमन काय बोलतोय इकडं त्यांचं लक्ष नव्हतं. ते मनगट तर ते कधीच विसरून गेले होते. एक वर्ष झालं, ते ज्याला त्याला पटवून देत होते की हसतं ते शरीर, मी नाही. आज पहिल्यांदा ते कुणालातरी खोटं ठरलेलं हवं होतं, आणि नेमकं आजच ते शंभर टक्के खरं होतं. सरांना त्या खरेपणाची शिसारी आली.

"न्हाई, आक्का," ते म्हणाले. जीभ जड होती तरी शब्द स्पष्ट आले. "मला आठवलं न्हवतं. माझं ल... लक्षच न्हवतं. ते नुसतंच आलं."

केलेला घास आक्कानं परत ताटात ठेवला. ताट उचलून त्यांच्या मांडीवर दिलं आणि ते नीट बसलंय का बघितलं.

"मग तुझ्या हातानं खा," ती म्हणाली. पदराला हात पुसून ती बाहेर बायकांत जाऊन बसली.

सरांनी उजवा हात ताटात घातला. बोटं भातात फिरली, घास काही जमेना. जमला तो तोंडापर्यंत जाता जाता हातातून गळून मांडीवर पडला. दुसऱ्या घासाचंही तेच झालं. आमटीचे ओघळ कोपरापर्यंत आले. एवढ्यात विमलाताई चहा घेऊन दारात आल्या आणि ते बघून कळवळल्या. "अहो, द्या इकडं, मी भरवते."

सरांनी मान हलवली, आणि मांडीवर सांडलेला भात एक एक शीत वेचून खायला लागले.